भिंतही शेवाळी, स्वेटरही शेवाळी, आणि दोघांचं पटेना

दोनधागे:

आधीच सांगून टाकते, प्रश्न तीन आहेत आणि त्यातला एक विणकामाचा नाहीच. पण तिघांचा असा गुंता झालाय की सुटे करून विचारणं मला जमत नाहीये.

बाहेरच्या खोलीला रंग स्वतःच द्यायचा असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, माणूस बोलावू, दोन दिवसांत मोकळे होऊ. मला मोकळं व्हायचंच नव्हतं. त्याच आठवड्यात सुईवर दोन रंगांचा स्वेटर चढवला होता. खालून वर गोल विणत जायचा, कमरेशी चार बोटं रुंद नक्षीचा पट्टा, मग साधं सुलट, आणि पुढे खांद्यांभोवती पुन्हा नक्षी. २१६ टाके, १२ टाक्यांची नक्षी, म्हणजे एका फेरीत १८ वेळा तेच ते.

दोन्ही कामं एकदम काढू नयेत हे मलाही कळतं. पण यात एक गंमत सापडली. रंगाचा एक हात झाला की डब्यावर लिहिलेलं असतं, दुसऱ्या हाताआधी चार तास थांबा. हे चार तास फार वाईट. सामान खोलीच्या मधोमध चादरीखाली, बसायला जागा नाही. मागच्या वेळी मी भिंतीसमोर उभी राहून 'वाळली का' म्हणत बोट लावून बघायचे. त्या बोटाचा ठसा दाराशेजारी अजून आहे. आता हात धुते, आतल्या खोलीत जाते आणि विणायला बसते. माझी नक्षीची एक फेरी बारा मिनिटांची. हिशेबाने चार तासांत वीस व्हायला हव्यात, होतात अकरा-बारा, कारण मधूनमधून भिंत बघून येतेच.

आणि शरीरालाही हे मानवतं. रोलरने खांदा भरून येतो पण बोटं रिकामी राहतात, विणताना नेमकं उलटं. सकाळी एकच रंग, दोन्ही हातांनी, छतापासून जमिनीपर्यंत. दुपारी तोच रंग टाक्याटाक्याने: दोन शेवाळी, एक विटकरी, तीन शेवाळी. मोठ्याने मोजते. मुलगी म्हणते, आई मंत्र म्हणतेय.

तर प्रश्न.

रंग निवडताना मी जरा जास्तच हुशारी केली. भिंतही लोकरीसारखी शेवाळी हवी म्हणून गुंडाच रंगाच्या दुकानात नेऊन शेड कार्डाला लावून पाहिला. वर पांढरी ट्यूब होती. इतका जुळला की लोकर कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो ते कळेना. घरी दोन हात झाल्यावर दिवसा झकास दिसलं. संध्याकाळी पिवळा दिवा लावला, गुंडा भिंतीशी धरला, तर भिंत निळसर राखाडी आणि लोकर चक्क मातकट! सख्ख्या बहिणी म्हणून आणल्या होत्या, दिवा लागल्याबरोबर एकमेकींकडे पाठ करून बसल्या. रंग चुकला की माझे डोळे गेले?

दुसरं, विटकरी आणि शेवाळी गुंडे टोपलीत शेजारी ठेवले की कसे उठून दिसतात. विणलं, मांडीवर ठेवून पाहिलं, तेव्हाही छान. मग अंगाला लावून आरशात पाहिलं तर नक्षी गायब, नुसता चिखल. इतके वेगळे रंग एकमेकांत गडप होतातच कसे?

तिसरं, पट्टा आवळलाय. स्वॉच, म्हणजे माप बघायचा नमुन्याचा तुकडा, केला होता (केला होता हो, रागावू नका), १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत होते. पट्ट्यात मोजले तर २६. म्हणजे ९० सेंटिमीटरचा घेर ८३ वर आला. वरचं साधं विणकाम व्यवस्थित ९०. खालची पाच सेंटिमीटरची किनार पुन्हा सैल. सगळा मिळून डमरू झालाय. ज्या रंगाची पाळी नसते त्याचे मागून जाणारे धागे पाच टाक्यांहून लांब कुठेच नाहीत. धुऊन ताणून बसवता येईल, की उसवू?

उसवायला माझी ना नाही. भिंत उसवता येत नाही, रडू येतं ते तिच्यामुळे.

उलटसुलट:

अगं, उसव. कारणं मागून सांगते.

सात सेंटिमीटर पाण्याने सुटत नाहीत. ओली लोकर ताणून एखाद-दोन मिळतीलही, पण मागचे धागे आखूड पडलेत ना, ते तसेच राहणार. पुढचा टाका लवतो, मागचा सरळ धागा लवत नाही. तो तिथे दोरीसारखा बसलेला असतो.

पाच टाक्यांहून लांब नाहीत म्हणतेस, पण तुझं दुखणं लांबीचं नाही, रंग बदलतानाचं आहे. नवा रंग उचलतेस तेव्हा उजव्या सुईवर आधीचे टाके गर्दी करून बसलेले असतात. त्या गर्दीच्या मागून धागा नेलास तर तो गर्दीएवढाच आखूड पडतो. दर वेळी रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे शेवटचे पाच-सहा टाके बोटाने मोकळे पसरव, कापडात जेवढी जागा घेतील तेवढे, आणि मगच नव्या रंगाचा पहिला टाका घाल. पहिले दोन दिवस हे विसरशील. तिसऱ्या दिवशी बोट आपणहून जातं.

तरीही आवळत असेल तर काम आतबाहेर करून विण, म्हणजे सुलट बाजू नळीच्या आत आणि मागचे धागे बाहेरच्या अंगाला. बाहेरून जाणाऱ्या धाग्याला वळसा मोठा पडतो, त्यामुळे तो आखूड राहूच शकत नाही. दिसतं चमत्कारिक, पण नक्षी आतल्या कडेला समोर दिसत राहते. आणि नक्षीपुरती अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घे, साध्या भागावर आलीस की पुन्हा जुनी.

स्वॉच सपाट केला असशील, एक ओळ सुलट, एक उलट. आणि एकाच रंगात? मग त्या २४ टाक्यांचा उपयोग नाही. बहुतेक बायकांचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो, आणि गोल विणताना उलट टाका येतच नाही. नक्षीचाच तुकडा विण, दोन टोकांच्या सुईवर. ओळ संपली की काम उलटवू नकोस, टाके दुसऱ्या टोकाला सरकव, धागे मागून भरपूर सैल आण आणि पुन्हा सुलटच. मागे झिपऱ्या लोंबतात, लोंबू देत.

आता चिखल. फोनवर दोन्ही गुंड्यांचा फोटो काढ आणि काळा-पांढरा करून बघ. पैजेवर सांगते, दोन्ही एकाच राखाडीचे निघतील. रंग वेगळे आहेत, पण गडदपणा सारखा. जवळ असताना डोळ्याला लाल-हिरवा कळतो, लांब गेलं की बारीक नक्षीत त्याला मुख्यतः उजेड आणि सावली कळते, आणि तुझ्या पट्ट्यात ती नाहीच. फेअर आयल या स्कॉटलंडच्या बेटावरच्या जुन्या नक्ष्या नीट बघ. अख्ख्या स्वेटरमध्ये रंगांची जत्रा, पण एका ओळीत दोनच, आणि त्या दोघांत बहुतेक एक उजळ, एक गडद. त्या बेटावरचा स्वेटर घालून इंग्लंडचा युवराज १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला उतरला आणि सगळ्यांना तसले स्वेटर हवेसे झाले. मैदानाच्या पलीकडून नक्षी दिसली नसती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं, हे आपलं माझं मत.

विटकरी बाजूला ठेव, हस्तिदंती आण. आणि मागून जाणाऱ्या दोन धाग्यांतला कुठला खालून आणतेस ते आत्ताच ठरव. खालून येणाऱ्या धाग्याचा टाका जरासा मोठा पडतो, तो रंग पुढे येतो. म्हणून नक्षीचा रंग कायम खालून, मागच्या जमिनीचा कायम वरून. मी एकदा मधेच फोन घेतला आणि परत बसताना धागे उलटे धरले. त्या स्वेटरच्या पाठीवर ती फेरी अजून दाखवता येते. फोन कुणाचा होता तेही आठवतंय.

दुसरा_हात:

नमस्कार ताई. मी रंगकाम करतो. विणकाम आईचं, मी फक्त लडी धरून बसायचो, त्यामुळे तेवढंच येतं.

डोळे ठीक आहेत तुमचे. रंगही चुकला नाही, जुळवायची जागा चुकली. लोकर ज्याने रंगवतात ते वेगळं, डब्यात घालतात ते रंगद्रव्य वेगळं. एका उजेडात दोन्ही अगदी एक दिसतात, उजेड बदलला की आपापल्या वाटेला जातात. याला मेटामेरिझम म्हणतात. यावर डब्यातला उपाय नाही. गिऱ्हाईक गादीचं कापड, पडदा, चपलेचा पट्टा काय वाट्टेल ते घेऊन येतं, 'असाच द्या'. मी एकच विचारतो, या खोलीत तुम्ही बसता कधी? संध्याकाळी बसत असाल तर संध्याकाळच्या दिव्याखालीच जुळवा.

भिंत पुन्हा रंगवण्याआधी दिवा बदलून बघा. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० म्हणजे पिवळा, ४००० च्या आसपास पांढरा, ६५०० निळसर. तुमचा २७०० चा असणार. ३५०० किंवा ४००० चा लावा. खोक्यावर सीआरआय लिहिलं असेल तर ९० किंवा वरचा घ्या, त्यात रंग जास्त खरे दिसतात.

पुढच्या वेळी शेड कार्डावर जाऊ नका. मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात मारा, कडेने दोन बोटं पांढरी सोडा आणि पुठ्ठा भिंतीभिंतीला टेकवून दिवसभर बघा. पांढरी कड यासाठी की जुन्या भिंतीचा रंग शेजारी आला की नवा रंग खोटा दिसतो. आणि ओल्या रंगावरून काही ठरवू नका. या पाण्याच्या रंगातलं बांधणारं द्रव्य ओलं असताना दुधाळ असतं, वाळलं की पारदर्शक होतं, म्हणून वाळल्यावर बहुतेक छटा गडद होतात. लोक ओला रंग बघून फोन करतात, 'फिका दिलात'. दुपारी फोन करतात, 'गडद दिलात'.

दोन डबे लागणार असतील तर आधी मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या. एकाच नंबरच्या दोन डब्यांतही किंचित फरक असू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.

विणकाम आतल्या खोलीत ठेवता हे उत्तम. तरी पॉलिश पेपर मारण्याच्या दिवशी टोपलीवर झाकण हवं. पुट्टीची धूळ दाराखालून जाते आणि लोकरीत बसली की निघत नाही.

शेवटचं. कड सरळ यावी म्हणून लावलेली मास्किंग टेप दुसरा हात झाल्यावर लगेच काढायची, रंग ओलसर असताना. पूर्ण वाळू दिलात तर टेपबरोबर पापुद्रा येतो.

दोनधागे:

काका, बादलीचं वाचून हसू आलं. आमच्यात लोकरीच्या लेबलावर लॉट नंबर असतो, एकदम रंगवलेल्या गुंड्यांचा एक नंबर. वेगवेगळ्या लॉटचे गुंडे आले तर दोन ओळी यातल्या, दोन ओळी त्यातल्या अशा विणतो, म्हणजे फरक विरघळतो. तुमची बादली आणि आमच्या दोन ओळी, एकच चलाखी.

जुना_गुंडा:

डोळे की रंग, हे भांडण जुनं आहे आणि तेही धाग्यांवरूनच. पॅरिसला गोबलँ म्हणून भिंतीवर टांगायची चित्रं विणणारा कारखाना. १८२४ मध्ये तिथल्या रंगाई खात्यावर शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ आला. विणकरांची तक्रार होती की इथला काळा धागा हवा तसा काळा दिसत नाही. त्याने दुसरीकडचे काळे धागे आणून ताडून पाहिले. रंगाईत खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे विणले जात होते, त्यांच्यामुळे काळा मरत होता. त्यावर त्याने पुढची कित्येक वर्षं घातली आणि १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला.

आता तुमच्या कामाचं. तो म्हणतो, शेजारचे रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध टोकाकडे ढकलतात. तुमची विटकरी त्या शेवाळी भिंतीपुढे आहे त्याहून लाल दिसेल. मात्र मोठ्या तुकड्यात हं. बारीक टाक्यांत उलट होतं, रंग मिसळतात, आणि तुमचा चिखल त्यातलाच. म्हणून विटकरी टाकून देऊ नका. स्वेटरमधून काढा आणि खोलीत सलग वापरा, उशीचा अभ्रा वगैरे.

दोनधागे:

दहा दिवसांनी येतेय. फोटो काढला, काळा-पांढरा केला. ताई, पैज जिंकलीत. दोन गुंड्यांतला कुठला कुठला हे मलाच सांगता येईना. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, तू एकच गुंडा दोनदा ठेवलायस.

खालून वर विणलेलं, त्यामुळे पट्ट्यापर्यंत पोचायला वरचं साधं सगळं उसवावं लागलं. उसवायला दीड संध्याकाळ लागली, नवरा समोर बसून गुंडाळत होता. उसवलेली लोकर न्हालेल्या पोरीच्या केसांसारखी कुरळी, प्रत्येक वळणात जुना टाका बसलेला. ती तशीच विणली तर नवे टाके वेडेवाकडे होतात, म्हणून खुर्चीच्या पाठीभोवती लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून पिळून काढली. वाळत घालायला जागा कुठे? रोलरचा लांब दांडा दोन स्टुलांवर आडवा ठेवला आणि त्याच्यावर टांगली. दांड्याला आधी जुनं कापड गुंडाळलं होतं, एवढी अक्कल होती. दुसऱ्या दिवशी सरळ झाली, पूर्ण नाही, पण विणण्याजोगी.

नवा स्वॉच झिपऱ्यावाला केला. हस्तिदंतीवर शेवाळी, शेवाळी खालून. आतबाहेर धरून विणायला पहिल्या तीन फेऱ्या शिव्या घातल्या, चौथीपासून बरं वाटलं. आज पट्टा पुरा झाला. मोजला: २४. सतरंजीवर पसरून लांबून पाहिला. नक्षी खोलीच्या त्या टोकावरून दिसते, एकेक पाकळी मोजता येते. किती वेळा उठून पाहिलं ते सांगत नाही.

दिवा ३५०० चा लावला. भिंत आणि लोकर अजून सख्ख्या नाहीत, पण आता चुलत तरी वाटतात. आणि एक मजा लक्षात आली. दिवेलागणीच्या आधी, बाहेरचा उजेड जाता जाता, काही मिनिटं विटकरी गुंडा जवळजवळ काळा होतो आणि शेवाळी भिंत उजळल्यासारखी दिसते. मग दिवा लावला की सगळं आपापल्या जागी. परवापासून मुद्दाम त्या वेळी दिवा उशिरा लावते. घरचे ठेचकाळतात.

अभ्र्याचं मनावर घेतलंय. विटकरी सलग, नक्षीबिक्षी काही नाही, नुसतं सुलट. दोन रंगांनंतर एका रंगात विणताना हात कसा पळतो!

एक अपघात झाला. तिसऱ्या भिंतीचा दुसरा हात संपवून कोपर न धुता विणायला बसले. भिंतीचा एक थेंब पट्ट्यावर पडला, हस्तिदंती टाक्यावर, बरोबर एका. वाळेपर्यंत कळलंच नाही. आता तिथे एक आगंतुक शेवाळी टाका आहे, आणि तोही भिंतीच्या शेवाळीचा, म्हणजे दिवा लागला की हाच एकटा निळा पडतो. सुईने वरून हस्तिदंती धागा फिरवून तो टाका झाकता येईल का? कडक झालाय, टोचतो.

उलटसुलट:

झाकता येईल, पण खालचं खडबडीत राहील, धुताना वरचा धागा घासेल. रंग टाक्याच्या कण्यापर्यंत गेलाय का बघ. वरवर असेल तर नखाने हळूहळू सुटतो. आत गेला असेल तर तेवढाच टाका कापून, वरखालचे टाके पकडून नव्या धाग्याने तिथे पुन्हा विणून काढ. शेजारचे चार टाके सोडवावे लागतील, टोकं मागे लपवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. आज नको करूस, उत्साहात आहेस, कापायच्या जागी भलतं कापशील.

दुसरा_हात:

ताई, चौथी भिंत झाली का?

दोनधागे:

झाली की! आज दुसरा हात. जेवढा वेळ हे लिहितेय तेवढा वेळ ती वाळतेय. मध्ये अभ्र्याच्या बऱ्याच ओळी झाल्या.

दुसरा_हात:

टेप काढली?

दोनधागे:

अयाई. आलेच.

दोनधागे:

छताखालून वीतभर पापुद्रा टेपबरोबर आला. बाकीची सुटली नीट, पात्याने कडेवर रेघ मारून मग ओढली. ब्रशने तेवढं भरून घेतलंय. पुन्हा चार तास.